दसऱ्याला पुजलेले रंग

चित्रकलेच्या बाईंना लोक फोन करतात तो पोराच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. "बाई, चित्रं छान काढतो हो, काय घेऊ त्याला?" मी सांगायची, थोडं घ्या पण चांगलं घ्या. ते "हो हो" म्हणायचे आणि सुटकेससारखी दिसणारी ती प्लास्टिकची पेटी घेऊन यायचे. तिच्यात स्केचपेनं, खडू, रंगांच्या वड्या, शार्पनर आणि एक ब्रश. त्या ब्रशचे केस पहिल्याच आंघोळीला गळतात. पेटी उघडली की घरातले सगळे "अरे वा!" म्हणतात, फक्त कागदावर रंग उमटत नाही. महाडच्या शाळेतली माझी सगळी नोकरी या एका गोष्टीवर डोकं आपटण्यात गेली. निवृत्त होऊन पोलादपुरात दोन खोल्या घेतल्या, तसे फोनही बंद झाले. असतील शितं तर जमतील भुतं.

मी लग्न केलं नाही. विचारणाऱ्याला मी ठणकावून सांगते की त्याची मला खंत नाही, आणि ते बव्हंशी खरंही आहे. पण एका कपाचा चहा कधी नीट होत नाही, हे मला साठीनंतर कळलं. दूध जास्त होतं नाहीतर साखर. पातेलं मोठं आणि चहा तळाशी एवढासा.

माझ्या मागच्या दारासमोर एक बिऱ्हाड राहायला आलं, मूळचं जवळच्याच कापडे गावचं. बाई हायवेवरच्या हॉटेलात भाकऱ्या थापायची, नवरा मुंबईत गाडी चालवायचा, महिन्याकाठी एखादी फेरी व्हायची त्याची. एकच मुलगी, तिसरीतली. आई कामावरून येईपर्यंत ती माझ्या ओटीवर येऊन बसायला लागली. मी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने फक्त विचारलं, "बाई, हितं फरशी गार हाय, बसू काय?"

मग रोजच आली. तिच्याजवळ मेणाच्या खडूंची थोटकं होती, बोटांत धरता येऊ नयेत इतकी लहान. कागद म्हणजे हॉटेलातल्या मिठाईच्या खोक्यांची झाकणं. ती झाकणाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर काढायची. एकदा मी म्हटलं, "डोंगर हिरवा कर की गं." ती आंबेनळी घाटाच्या बाजूला बोट करून म्हणाली, "जवलचा हिरवा. लांबचा निला हाय. तुमाला दिसत नाय काय?"

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी शेकडो पोरांना फळ्यावर शिकवली होती. न शिकवता कुणी मला ती सुनावली नव्हती. मला राग येण्याऐवजी आनंद झाला, आणि त्या दिवसापासून मी दोन कप दुधाचा चहा टाकायला लागले. तिच्या कपात चहा नावालाच.

तिच्या आईची आणि माझी ओळख एका स्टीलच्या डब्यापुरती होती. मी थालीपीठ पाठवलं की डबा घावणे घेऊन परत यायचा. मी लाडू पाठवले की आमसुलं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामं म्हणून देत नाहीत.

नवरात्राच्या आधी मी महाडला गेले, खास तिच्यासाठी. भावाच्या नातवंडांना मी पाकिटात पैसे घालून देते, त्यांच्यासाठी कधी एसटीत बसले नाही. बाजारपेठेतला दुकानदार मला ओळखतो, किंबहुना मला घाबरतो. मला पाहताच त्याने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला, कारण ब्रश बुडवून बघितल्याशिवाय मी घेत नाही हे त्याला ठाऊक. ब्रश ओला करून झटकला की केसांनी आपण होऊन एका टोकाला यायला हवं. झाडूसारखे फिसकारले तर तो ब्रश शेणाने सारवायला ठेवावा. त्याने काढलेले चार मी परत दिले. पाचवा टोकाला आला.

"बाई, लहान मुलीला हवंय ना? मग इतकं भारी कशाला? ही पेटी बघा, शंभर वस्तू आहेत."

"लहान आहे म्हणूनच," मी म्हटलं. मोठा माणूस वाईट रंगांना शिव्या घालतो. मूल स्वतःला दोष देतं. त्याला वाटतं, आपल्यालाच येत नाही.

जलरंगांच्या बारा ट्यूबची पेटी घेतली, चांगल्यातली. दोन ब्रश घेतले, एक जाड, एक बारीक. कागदाची वही घेतली, दोनदा पाणी फिरवलं तरी लव न सुटणारी. पॅलेट घेतलं नाही, घरातली पांढरी बशी त्याहून बरी. हे सगळं मांडीवर घेऊन एसटीतून परत येताना मी मनातल्या मनात ओटी मांडून ठेवली होती. इथे बशी, इथे पाण्याचा तांब्या, इथे ती, इथे मी. भेट तिच्यासाठी होती, पण मला ती रोज यायला हवी होती. हे मी तेव्हाही जाणून होते.

पेटी हातात दिली तेव्हा तिने ती उघडलीच नाही. वरच्या पारदर्शक कागदावर तळवा फिरवला, वास घेतला आणि उठून घरी पळाली. आईला दाखवायला गेली असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तांब्या भरून ठेवत होते आणि संध्याकाळी तुळशीत ओतत होते. दसरा आला आणि गेला. मागच्या दारातून तिचा आवाज यायचा, शाळेची कविता म्हणताना, नळावर भांडी घासताना. मी दाराशी गेले की आवाज थांबायचा.

डबा मात्र यायचा. मी काही न पाठवताही यायचा, आणि तोही तोंडापर्यंत भरून. आधी सुकटाची चटणी, मग कोंबडीचा रस्सा. त्यांच्या घरी कोंबडी कधी शिजते ते मला वासावरून माहीत होतं, ती नवरा आल्यावरच. दिवाळी उलटली तसे कापड्याच्या नव्या भाताचे पोहे आले, डब्यात मावले नाहीत म्हणून वेगळ्या पिशवीत. तिची आई दारातच उभी राहून देई आणि खाली मान घालून जाई. मी खुळ्यासारखी खात राहिले. रस्सा झकास होता, पण घशाखाली उतरताना मला चैन पडत नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी डबा घासला, पुसला, आणि तो घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. समोर शोकेस. तिच्यात काचेच्या पेल्यांचा सेट, लग्नातला फोटो, एक बाहुली पिशवीसकट, आणि मधोमध माझी पेटी. पारदर्शक कागद तसाच चिकटलेला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं. वर सुकलेला झेंडू आणि आपट्याचं पान. शेजारी दोन्ही ब्रश, त्यांनाही कुंकू. वही खाली, तिलाही.

मुलगी मागच्या पडवीत होती. चुलीतल्या कोळशाने फरशीवर काहीतरी काढत होती. मला पाहून तिने ते पायाने पुसलं.

"बसा ना बाई," तिची आई गडबडून म्हणाली. "दसऱ्याला पुजलंय आमी. इतकं भारी कोन देतं? पोरीच्या हातात दिलं तर दोन दिवसांत वाट लावील. तिचा बाबा बोलला, ठेव, मोठी झाली की वापरील."

"आणि ही यायची का थांबली?"

ती पदराचं टोक पिळायला लागली. "रोज रोज कशी पाठवू? तुमी इतकं दिलंत, आमी काय देनार? परत तुमच्या दारात बसलेली दिसली तर लोक बोलतील, अजून कायतरी मागाय जाते."

म्हणजे ते पोहे, तो रस्सा, सगळं त्या पेटीचं उत्तर होतं. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून ती बिचारी महिना-दीड महिना मला भरवत होती, आणि तरी तिच्या लेखी तो भरत नव्हता.

मला रागच आला. तिचा नाही, त्या झेंडूचा आला. मी शोकेस उघडली, पेटी काढली आणि पारदर्शक कागद टराटरा फाडला. आई "अवो बाई" म्हणाली. निळी ट्यूब घेतली, अंगठ्याने दाबली आणि तळहातावर चांगला मोठा गोळा काढला. मग तो वहीच्या कोऱ्या पहिल्या पानावर फासला, आडवा, वेडावाकडा.

"झालं खराब," मी म्हटलं. "आता ठेवण्यासारखं काही राहिलं नाही. वापर गं आता." आणि आईच्या हातात डबा दिला. "हा रिकामा आणलाय. बघ, साखरसुद्धा नाही. आता तुझी माझी फिट्टंफाट."

ती डब्यात बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली, पहिल्यांदाच. मुलगी जवळ आली. तिने माझ्या फासलेल्या निळ्याकडे बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला डोंगर करता येईल." मी हात धुतला नाही. तसाच निळा हात घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोन कपांचं दूध टाकलं. तांब्या भरला, बशी पुसली. मागच्या दाराशी पावलं वाजली तशी मी उठले. तिची आई होती. हातात डबा, त्यात दोनच घावणे, पूर्वीसारखे.

"पोरगी येत होती ओ," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा होता. "पन उठतच नाय. शालेतून आली ती दप्तर टाकून बसली. हाक मारली तरी ऐकाय येत नाय तिला. म्हनून मीच आले."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. चांगल्या साहित्याची हीच खूण मी आयुष्यभर पोरांच्या आईबापांना सांगत आले होते. हातात नीट रंग पडले की मूल मान वर करत नाही, त्याला कुणी लागत नाही.

ती गेल्यावर मी मागच्या दारात उभी राहिले. मुलगी पडवीत पालथी पडून काढत होती. मधेच उठली, नळावर आली, ब्रश धुतला आणि झटकला. केस टोकाला आले की नाही ते उजेडाकडे धरून पाहिलं. हे मी तिला अजून शिकवलंही नव्हतं. मी हाक मारली नाही. आत येऊन दोन्ही कप भरले आणि दोन्ही मीच प्याले.