नदीविना आठ तास

कागद कारखान्यातल्या जुन्या मशीनवर माझ्या मामाची तीस वर्षं गेली. सगळे त्याला हेडमास्तर म्हणतात, कारण मशीनच्या जाळीवर लगदा नीट बसला नाही, तर तो लगद्यालाच रागावतो. मूठभर लगदा उचलायचा, पिळायचा, बोटांतून पाणी कसं गळतं ते बघायचं आणि निकाल द्यायचा: आज हा अंगचोर आहे. मी लॅबमध्ये तेच उपकरणाने मोजते. दहातल्या नऊ वेळा मामाचं उत्तर माझ्याआधी येतं आणि बरोबर येतं. दहाव्या वेळी तो मला उपकरण तपासून घ्यायला सांगतो.

गेल्या वर्षी शेजारच्या शेडमध्ये नवं मशीन आलं. जुन्याच्या चौपट कागद काढणारं! लागवडीतलं लाकूड पुरत होतं, मागणी तर वाढतच होती. पुरत नव्हती ती नदी. उन्हाळ्यात तिचे दगड उघडे पडतात आणि खालच्या गावांनाही तीच प्यायला. पाणी उचलण्यावर मर्यादा आली, तेव्हा साहेबांनी सरळ सांगितलं की जुन्या मशीनने जाळीतून गळलेलं स्वतःचंच पाणी गाळून पुन्हा वापरावं. तसं सलग आठ तास चाललं तर राहील, नाहीतर भंगारात. चाचणीला एकच दिवस मिळणार होता.

मामाला नव्या मशीनवर जागा होती. पण तिथे सगळं काचेआड, पडद्यावर.

"म्हणजे मी तिथे दिवसभर टीव्ही बघत बसू?" एवढंच तो म्हणाला.

चाचणीची आखणी माझ्याकडे आली. सकाळी सातला मी स्वतः नदीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि सुरुवात झाली. काय सुरुवात होती! परत आलेलं पाणी कोमट, त्यामुळे लगदा भराभर निथळत होता, वाफही कमी लागत होती. मी लॅब ते मशीन नुसती पळत होते. मामाने मूठ पिळून पाहिली आणि चक्क लगद्याचं कौतुक केलं.

सव्वानऊला कागद गेला. आमच्याकडे फाटला म्हणत नाहीत, गेला म्हणतात. पुन्हा जोडला. दहाला पुन्हा गेला. या वेळी कागदावर गोवर उठल्यासारखे तपकिरी ठिपके होते आणि जाळीला चिकट काहीतरी लागलं होतं. साहेब म्हणाले, अजून एकदा गेला की आवरतं घ्या.

गाळणी ठीक होती. रसायनं ठीक होती. मग मी तापमानाचा आलेख काढला आणि उडालेच. दोन्ही वेळा कागद जायच्या थोडं आधी पाणी एकदम गार झालं होतं. तेलकट भांड्यावर गार पाणी ओतलं की ओशटपणा थिजून बसतो ना, तसा लाकडातला चीक थिजून जाळीला चिकटला होता. पण हे गार पाणी आलं कुठून?

मी आलेख मामासमोर धरला. तो आलेखाकडे नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

जाळी जरा कोरडी वाटली की नदीचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडायचा, याला जुने लोक घोट पाजणं म्हणतात. तीस वर्षांत त्या हाताने किती घोट पाजले असतील! आता तो हात मामाला विचारतही नव्हता.

मामा गप्प बसला असता, तर दोष परत वापरलेल्या पाण्यावर गेला असता आणि मशीन भंगारात. तो साहेबांकडे वळला.

"साहेब, दोन्ही वेळा घोट मीच पाजला. बिचाऱ्याला तहान लागली असेल असं वाटलं."

"आणि तिसऱ्यांदा वाटलं तर?"

मामाने पाना मागवला, व्हॉल्व्ह घट्ट बंद करून त्याचं चाकच काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मामीकडे ठेवायला दे. तिच्या कपाटात गेलेलं काही परत येत नाही." साहेबसुद्धा हसले.

जाळी धुऊन अकराला पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. मामा दोन्ही हात काखेत दाबून उभा, जसं काही कुणी त्याला शिक्षा केली आहे. तीनला त्याची पाळी संपली, पण तो घरी गेला नाही. पुढच्या पाळीच्या गड्याला त्याने स्टूल दिलं आणि बसून बघ म्हणाला. पाचच्या सुमारास टाकीत फेस चढला. मी फेस मारायच्या औषधाचा डबा घेऊन धावले, फेस बसला, कागद मात्र गेला नाही. पांढरा, सपाट, सलग! शेवटच्या अर्ध्या तासात नव्या मशीनवरचे लोकही काच सोडून बघायला आले.

सात वाजले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, सही केली आणि विचारलं की झालं सगळं, आता थांबवायचं का?

"थांबवायचं कशाला?" मामा म्हणाला. "आत्ता कुठे रंगात आलंय."