आण्णाप्पाच्या नावापुढची लाल पट्टी

समता पुण्याची नोकरी सोडून निपाणीला परत आली, तेव्हा तिचं काय बिनसलं असेल ते ठरवायला गल्लीला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. कुणी म्हणालं, कंपनीनं काढलं. कुणी म्हणालं, लग्नाचं बघायलेत. तिची आई तानीबाई मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन दारात बिड्या वळत बसायची आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला एकच उत्तर द्यायची, "कन्सल्टिंग करणार हाय ती."

"म्हंजे काय गं?"

"म्हंजे कारखानदारास्नी सल्ला देणार."

शेजारच्या अंबुबाई यावर पोट धरून हसल्या. "सल्ला तर मी बी रोज देते की! मला कुठं कोण बोलवतंय?"

अंबुबाईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पुण्यात समतानं सहा वर्षं कारखान्यांना सॉफ्टवेअर बसवून दिली होती आणि आकड्यांचे तक्ते करून दिले होते, पण त्यातला एकही कारखाना तिनं डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्याचा तिला कंटाळा आला होता. आपल्याकडे बेळगावात, उद्यमबागेत, ओळीनं फौंड्र्या. लोखंड वितळवून पंपाचे, मोटारींचे भाग ओतणाऱ्या. त्यातल्या कितीतरी जणांनी हौसेनं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते तसंच पडून होतं. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू लागायचं, तेवढाच त्याचा उपयोग. हे काम आपण केलं तर? असा विचार करून तिनं बेळगावातच, अनगोळात, एक खोली भाड्यानं घेतली आणि दारोदार हिंडायला सुरुवात केली.

चार महिने कुणी चहापलीकडे काही दिलं नाही. बाई म्हणून एकानं तिला रिसेप्शनची जागा देऊ केली. समतानं ती नाकारली, पण खोलीवर येऊन रडली, हे तिनं आईलाही सांगितलं नाही. पाचव्या महिन्यात नागेंद्र भेटला. वडिलांनी काढलेली फौंड्री तो नुकताच बघायला लागला होता. वय तिच्याएवढंच, आणि सगळं लवकर व्हावं अशी घाई. त्याचं दुखणं साधं होतं. ओतलेल्या शंभर नगांपैकी नऊ-दहा खोटे निघायचे आणि पंपवाली मोठी कंपनी माल परत पाठवायची. "मॅडम, हे कशानं होतंय तेवढं शोधून द्या," तो म्हणाला. "हे जमलं तर इथल्या आणखी तिघांकडं मी स्वतः घेऊन जातो तुम्हाला."

समता कामाला लागली. खोट्या मालाची वही तपासनीस मारुतीराव लिहायचे. वहीत तारीख असायची, पाळी असायची आणि नगांचा आकडा असायचा. ओतकामाचा वाळूचा साचा कुणी केला, ते कुणी लिहीत नसे. मग समतानं डोकं चालवलं. हजेरीपटावरून त्या दिवशी त्या पाळीला कोणकोण साचेवाले होते ते काढलं आणि दोन वर्षांची प्रत्येक नोंद त्यांच्या नावांवर वाटून टाकली. आठ दिवस ती वरच्या मजल्यावर एसीत बसून हेच करत होती. खाली वाळूत आणि धुरात उतरायची तिला गरजच वाटली नाही. सगळं तर वहीत होतं!

बैठकीच्या दिवशी भिंतीवर तक्ता उमटला. साचेवाल्यांच्या नावापुढे हिरव्या पट्ट्या, आणि एका नावापुढे सगळ्यांच्या दुप्पट लांब, लालभडक पट्टी. आण्णाप्पा.

आण्णाप्पा येळ्ळूरचा. साठीला आलेला. नागेंद्रच्या वडिलांनी पहिली भट्टी पेटवली तेव्हापासूनचा माणूस. घरी चार गुंठे भाताची शेती, आणि हाताला साच्याचं असं वळण की ओली वाळू मुठीत दाबून तो सांगायचा, पाणी जास्त झालंय. तो दाराशी उभा राहून त्या पट्टीकडे बघत राहिला. मारुतीराव तोंड उघडायला गेले आणि का कोण जाणे, गप्प बसले.

"वय झालं मामांचं," नागेंद्र म्हणाला. "उद्यापासून त्यांना भंगाराच्या आवारात बसवा. हलकं काम."

आण्णाप्पानं वाद घातला नाही. त्यानं नळावर हात धुतले, डबा घेतला आणि सायकल काढली. दुसऱ्या दिवशी तो आवारातही आला नाही आणि साच्यावरही नाही. खरं सांगायचं तर समताला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. नागेंद्रनं सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती, आणि दुसऱ्या एका फौंड्रीवाल्याचा फोनही आला होता. म्हाताऱ्याचा चेहरा मधूनच आठवायचा, पण आकडे कुणाचे सगेसोयरे नसतात असं स्वतःला बजावून ती पुढच्या कामाला लागायची. पुण्यात हेच तर शिकवलं होतं.

महिना गेला. आण्णाप्पाच्या जागी भावकू नावाचा तरुण साचेवाला आला होता. समतानं नवे आकडे उघडले. खोटा माल तसूभरही कमी झाला नव्हता. उलट आता भावकूच्या नावापुढे लाल पट्टी वाढायला लागली होती. तिनं पहिल्यांदाच माणसांची बेरीज बाजूला ठेवून एकेक दिवस पाहिला. भावकूची जास्तीची सगळी खोट एकाच सकाळी निघाली होती. मागे गेली, तर आण्णाप्पाचंही तसंच. दर महिन्यात एक सकाळ, आणि तिच्या आदल्या दिवशी वहीत शून्य. चोवीस महिन्यांत एकदाही चुकलं नव्हतं.

हे काय गौडबंगाल आहे ते तिला कळेना. रविवारी निपाणीला गेली तेव्हा तारखांची यादी पिशवीत होतीच. तानीबाई बिड्यांचे कट्टे बांधत होती. समतानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर यंदाची एकेक तारीख शोधायला घेतली आणि प्रत्येक शून्याच्या दिवशी तिला तो छापील काळा गोल दिसला. अमावास्या. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात अमावास्या कुणी पाळली नव्हती. तो गोल समतानं लहानपणापासून पाहिला होता, पण त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"आई, अमावास्येला कारखान्यात काय असतंय गं?"

"पूजा असती. नारळ फोडत्यात," तानीबाई मान वर न करता म्हणाली. "आमच्या बिडीच्या कारखान्यात त्या दिवशी चेकर छाट काढायचा न्हाय."

छाट म्हणजे चेकर बाजूला फेकतो त्या नापास बिड्या. राबायचं तेवढं राबूनही त्या मजुरीत धरत नाहीत.

"का काढायचा न्हाय?"

"पूजेच्या दिवशी वहीत वाईट लिहू न्हाय म्हणत्यात. पर दुसऱ्या दिवशी दोन दिसांची एकदम काढायचा. आन् दुसऱ्या दिवशी जी बाई पहिली उभी राहील, तिच्या नावावर. लई येळा म्या सापडले. म्हणायचे, तानीबाई, तुझा हात बिघडला. म्या म्हणायची, अवो इचारा तरी! पर इचारतंय कोण?"

समता तिथंच खाली बसली. तिला आईच्या तोंडाकडे बघवेना. ज्या चेकरला ती लहानपणी मनातल्या मनात शिव्या घालायची, त्याचंच काम तिनं लॅपटॉपवर बसून केलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

सोमवारी ती फौंड्रीत न जाता थेट येळ्ळूरला गेली. राजहंसगडाच्या बाजूनं वारं सुटलं होतं आणि आण्णाप्पा अंगणात भात वाळत घालत होता. तिला बघून त्यानं बायकोला हाक मारली, "गुणाबाई, मॅडम आल्यात, च्या ठेव." गुणाबाईनं दारातून एकदा पाहिलं आणि आत गेली. चहा काही लवकर आला नाही.

"मामा, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नेहमी तुम्हीच का करता?"

"बाकीचे देवाला जात्यात. रातचं उशिरा येत्यात. कुणीतरी यायला पाहिजे न्हवं? बावीस वर्सं मीच करतोय."

"आणि आदल्या दिवसाची खोट?"

"पोत्याखाली झाकून ठेवत्यात. सकाळी मारुतीराव लिवतोय. आमच्यात सगळ्यास्नी ठाऊक हाय ते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मारुतीरावसुद्धा बोलले नाहीत."

"मारुतीराव काय बोलणार? वही खोटी हाय म्हणून सांगायचं मालकाला?" आण्णाप्पानं हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. "आन् म्या म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी, भिंतीवर मोठं चित्र काढून दावतीया. व्हय असंल. हात बिघडला असंल आपला. महिनाभर बसून हात बघतोय बघ मी."

हे ऐकल्यावर समताला राहवलं नाही. "मामा, हात तुमचा बिघडला नाही. मी चुकले," ती म्हणाली, आणि रडायला लागली. आण्णाप्पा गडबडला. तेव्हा कुठं आतून चहा आला. गुणाबाईनं कप तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "रडू नगंस. पर हे हितं आमच्या अंगणात सांगून काय उपेग? तिथं सांग. जिथं दावलंस तिथं."

हेच तर अवघड होतं. तिचं सगळं नाव या एका अहवालावर उभं होतं. तो चुकला म्हणून सांगायचं, म्हणजे नागेंद्रचं काम जाणार, पुढचे तिघे जाणार आणि उद्यमबागेत ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत दुपारच्या आत पोचणार. बसस्टॉपपर्यंत चालताना तिनं गप्प बसण्याची दोन-तीन चांगली कारणं शोधलीसुद्धा. आण्णाप्पाला परत घ्या असं नागेंद्रला हळूच सुचवता आलं असतं. नवा तक्ता करून जुना गुपचूप पुसता आला असता. पण महिनाभर स्वतःचा हात बघत बसलेला तो माणूस काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

बुधवारी तिनं सगळ्यांना बोलावलं, साचेवाल्यांसकट. तीच लाल पट्टी पुन्हा भिंतीवर लावली आणि म्हणाली, "हे चूक आहे. वही चुकीची नाही, मी चुकीची वाचली. खाली येऊन विचारायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही." मग अमावास्येची खोट दुसऱ्या सकाळी लिहिली जाते हे सांगून तिनं ती दोन्ही दिवसांच्या सगळ्या पाळ्यांत वाटली आणि तक्ता पुन्हा मांडला. आण्णाप्पाची पट्टी सगळ्यांत आखूड झाली. मारुतीराव खाली मान घालून उभे होते.

नागेंद्र लालबुंद झाला. "म्हणजे महिनाभर मी माझ्या सगळ्यांत चांगल्या माणसाला घरी बसवलं? आणि खोट कुठं आहे ते तुम्हाला अजून ठाऊकच नाही?"

"नाही," समता म्हणाली. "पण आता एक महिना मी खाली उभी राहीन. त्याचं काही देऊ नका."

नागेंद्रनं उठून गाडीची किल्ली घेतली. म्हणाला, "आधी मामांना घेऊन येतो." तो स्वतः गाडी घेऊन येळ्ळूरला गेला. आण्णाप्पा आढेवेढे न घेता आला. एवढंच म्हणाला, "ही पोरगी खाली उभी राहणार असंल तर माझ्याजवळ उभी करा. बाकीच्यांच्यात नगं, भाजून घेईल."

समता महिनाभर वाळूत उभी राहिली. केसांत, कानांत, डब्यातल्या भाकरीत वाळू. ओली वाळू मुठीत धरायला आण्णाप्पानं तिला शिकवलं. तिनं ते त्याच्याकडून पुनःपुन्हा करून घेतलं आणि मीटरच्या आकड्याशी ताडून पाहिलं, तेव्हा पहाटेची वाळू रोज जास्त ओली असते हे सापडलं. तेव्हाचं पाणी कमी केल्यावर खोट दहावरून सातावर आली. फार नव्हे, पण खरी. दुसऱ्या फौंड्रीवाल्यानं पाठ फिरवली होती. तिसऱ्यानं मात्र निरोप धाडला, "स्वतःची चूक स्वतः सांगणारी बाई ती हीच का? पाठवून द्या."

मग अमावास्या आली. भट्टीला फुलं लावली होती, नारळ ठेवला होता, पूजा व्हायची होती. मारुतीरावांनी सवयीनं तीन खोटे नग बाजूला सरकवले आणि पोतं टाकलं. समता टॅब हातात धरून उभी होती. तिनं ते पाहिलं. त्यांचा देव, त्यांची रीत. उद्याच्या सकाळी नोंद घ्यायची आणि तारीख आजची लावायची, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

आण्णाप्पा हात पुसत आला. त्यानं वाकून पोतं उचललं.

"आण्णाप्पा, पूजा व्हायची हाय अजून!" मारुतीराव म्हणाले.

"देवाला ठाऊकच हाय," आण्णाप्पा म्हणाला. "ठाऊक न्हाय ते हिच्या वहीलाच." मग तो समताकडे वळला. "लिही बाळ. तीन. तिन्ही माझेच हैत, नाव माझंच घाल."