मामांच्या बोटांवर घेतलेला आळ

आमच्या गाडीचा स्क्रीन माझ्यामुळे बिघडला आणि त्याचा दोष मी सासऱ्यांवर टाकला, तोही चारचौघांत. ज्यांच्यासमोर टाकला ती सगळी रोज त्यांच्यासोबत चहाला बसणारी माणसं होती. मी तिथला जावई. महिन्यातून एकदा जाणार, मान घेणार, निघून येणार. मी बोललो ते माझ्या दृष्टीने तिथेच संपलं होतं. त्यांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाकावर जाऊन बसायचं होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. शहागडजवळ त्यांचं गाव. ऊस आणि कापूस; अलीकडे शेती बटईने दिलेली. शुगरमुळे त्यांच्या डोळ्यांत आतून सूज येते. जालन्याच्या डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सांगितलं होतं आणि माझ्यासमोरच बजावलं होतं, "हे चुकवायचं नाही. इंजेक्शनने उरलेली नजर टिकते, गेलेली परत येत नाही." तेव्हापासून मी गाडी घेऊन त्यांना आणायला जायचो आणि दुसऱ्या दिवशी सोडून यायचो. हे काम मी आनंदाने करत होतो. निदान सुरुवातीला तरी.

गाडी इलेक्ट्रिक, एकाने वापरून विकलेली. मधोमध मोठा टचस्क्रीन आणि बाकी बटण म्हणून जवळजवळ नाहीच. एसी, रेडिओ, नकाशा, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र, चार्जिंग किती करायचं तेसुद्धा, सगळं त्या काचेवर. मी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. पोत्यांतले नमुने काढायचे, ओलावा मोजायचा, उगवण मोजायची आणि नोंदी ठेवायच्या, यात माझी उमेदीची वर्षं गेली. तीच खोड गाडीलाही लागली. एका व्हिडिओत बघून मी मेकॅनिकसाठी ठेवलेला आतला मेनू उघडला आणि तपशीलवार नोंदी चालू करून टाकल्या. बॅटरी किती तापली, वेग किती, चढावर किती वीज गेली, असं सगळं क्षणाक्षणाला स्क्रीनच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत लिहिलं जाऊ लागलं. रविवारी मी ते बाहेर काढून त्याचे आलेख करायचो. बायकोला दाखवले की ती "छान आहे" म्हणायची आणि मेथी निवडत राहायची. तिच्याशिवाय ते आलेख कुणी पाहिले नाहीत.

मामांना त्या आलेखांशी देणंघेणं नव्हतं; त्यांना नकाशा आवडायचा. पुढच्या सीटवर बसून ते त्या निळ्या बाणावर नजर ठेवायचे आणि तो पोचायच्या आधी पुढचं गाव सांगायचे. नकाशा बरोबर निघाला की मान डोलवायचे, जणू परीक्षा त्याची चालू होती. मोठा करून बघावा म्हणून ते बोट लावायचे. पण आयुष्यभर विळा-खुरपं धरलेलं ते बोट, कातडी जाड आणि भेगाळलेली. स्क्रीनला ते कळायचंच नाही. मग ते जोरात दाबायचे. तरी नाही. मग पेराने टकटक.

"हिला माझं बोट वळखू येत न्हाई पाव्हणं," ते म्हणायचे. "बराबर हाय. वळख न्हाई तं ऐकंन कशाला?"

मी हसायचो. पण आतून मला ती टकटक सहन व्हायची नाही.

उन्हाळ्यात स्क्रीन बिघडायला लागला. आधी नुसता हळू झाला. मग नकाशा अर्धाच यायचा, बाकी करडा चौकोन. रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जायची. एकदा अंबडच्या पुढे चालत्या गाडीत स्क्रीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. गाडी पळत राहिली, पण एसी सगळ्यात थंडवर अडकला आणि बायको भर मे महिन्यात पदर गुंडाळून बसली. मी घरी येऊन विचार करत बसलो, कशामुळे झालं असेल? मेमरीत काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नव्हतं. मामांचं बोट दिसत होतं. मी बोट धरलं.

पुढच्या खेपेला मामांना सोडायला गेलो तेव्हा त्यांनी गावात शिरायच्या आधी हायवेवरच्या चहाच्या हॉटेलापाशी गाडी थांबवायला सांगितली. त्यांचे सोबती बाहेर बाकावर बसलेले होते. मामांना त्यांना मागचा कॅमेरा दाखवायचा होता.

"या की, बघा तरी. मागचं समदं म्होरं दिसतंय."

"मंग म्होरचं कुटं दिसतं रं?" त्यांचा लहानपणापासूनचा एक दोस्त होता, तो म्हणाला. सगळे हसले. दोन-तीन जण ग्लास हातात धरून खिडकीशी आले. मामांनी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. मग पेराने जोरात ठोकलं, आणि स्क्रीन काळा झाला.

"मामा!" मी ओरडलोच. "किती वेळा सांगितलं, हात लावू नका म्हणून? ट्रॅक्टरचा गिअर आहे का हा ठोकायला? तुमच्या या बोटांनीच वाट लागली गाडीची!"

खरं तर मी त्यांना हात लावू नका असं त्याआधी एकदाही सांगितलेलं नव्हतं. मनात मात्र अनेकदा म्हटलं होतं.

खिडकीशी आलेली माणसं आपापल्या ग्लासात बघायला लागली. तो दोस्त सावरायला म्हणाला, "जावईबापू, त्यानं त्याच्या बैलाला कधी ठोकलं न्हाई, गाडीला कशाला ठोकंन?" पण या वेळी कुणी हसलं नाही. मामांनी हात मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाले, "चुकलं पाव्हणं."

आमच्याकडे जावयाला उलट बोलत नाहीत. मुलगी दिलेली असते. मी कितीही बोललो असतो तरी ते एवढंच म्हणाले असते, आणि हे मला ठाऊक होतं म्हणूनच माझी जीभ इतकी सैल सुटली. ऑफिसात साहेबावर मी कधी असा ओरडलेलो नाही. "चुकलं" हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मी म्हणालो, "बरं, असू द्या." त्यांना माफ केल्यासारखं.

पुढच्या महिन्यात बायकोने फोन लावला तर मामा म्हणाले, घसा धरलाय, पुढच्या खेपेला बघू. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाले, "मी जीपनं येतो. पाव्हण्यांला कशाला तरास?"

"दादा, जीप अंबडपर्यंतच. पुढं बस धरावी लागते." वडिलांना ती दादा म्हणते.

"मंग? मी काय पहिल्यांदा बसनं येऊन राह्यलो का?"

दोन दिवसांनी त्यांनीच कळवलं, जाऊन आलो, परस्पर गेल्तो, परस्पर आलो, डोळा बिलकुल ठीक आहे. आम्ही विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एक सुट्टी वाचली.

स्क्रीन तोवर पार बंद पडला होता. गाडी चालायची, पण चार्जिंगची मर्यादा बदलता येईना, रिव्हर्स घेताना मान मोडून मागे बघावं लागे. मी ती संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इंजिनिअर बाईंनी लॅपटॉप जोडला आणि थोड्या वेळाने मला आत बोलावलं.

"मेमरी झिजलीय, सर. या चिपवर लिहायला-पुसायला एक मर्यादा असते. ती संपली की ती नवं काही धरून ठेवत नाही. यात तपशीलवार रेकॉर्डिंग सतत चालू आहे. कुणी चालू केलं?"

"मी."

"किती दिवसांपासून?"

"घेतल्यापासून."

त्यांनी मान हलवली आणि कळफलकाकडे वळल्या. मी विचारलं, "पण काचेवर कुणी जोरजोरात ठोकलं तर?"

"काचेला ओरखडासुद्धा नाही. बोटांचा काही संबंध नाही यात."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आतला एक भाग झिजलाय, बदलून देणार आहेत. बस, एवढंच. कुणामुळे झिजला ते गिळलं. तिचं लक्षही नव्हतं. ती हातात फोन धरून बसली होती. डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला होता की पेशंट दोन महिन्यांपासून आलेलाच नाही. मग तिने वडिलांना फोन करून खोदून विचारलं होतं. मामा जीपने अंबडला पोचले होते, हे खरं होतं. पण स्टँडवर त्यांना बसच्या पाट्या वाचता येईनात. एक-दोघांना विचारून एका बसमध्ये चढले, ती घनसावंगीची निघाली. परत येईस्तोवर दिवस कलला, मग तसेच घरी गेले.

"आणखी कुणाला विचारायचं ना, दादा," ती फोनवर म्हणाली होती.

"किती जणाला विचारायचं? पाटी वाचता येत न्हाई म्हणलं की लोक अंगठेबहाद्दर समजतेत." मामा रोज पेपर वाचणारा माणूस. त्या महिन्यांत पेपर बंद झाला होता, हेही तेव्हाच कळलं.

ती रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, "तुम्ही काही बोलला होता का त्यांना?"

मग मी हॉटेलापुढचं सांगितलं. नंतर सर्व्हिस सेंटरमधलंही, जे मघाशी गिळलं होतं. ती म्हणाली, "उद्या जाऊन आणू त्यांना."

गाडी अजून दुरुस्तीला होती, म्हणून भाड्याची गाडी केली. सासुरवाडीत नेहमीसारखंच झालं. पलंगावर चादर बदलली गेली, पाणी आलं, चहा आला, सासूबाई "थकले असाल" म्हणाल्या. या मानपानात माफी मागणं फार अवघड असतं. सगळं घर तुमची सरबराई करत असतं आणि तुम्हाला खाली उतरायला पायरी सापडत नाही. मी मामांना म्हणालो, "तो स्क्रीन आतून खराब होता, मामा. मेमरीचा प्रॉब्लेम निघाला. बोटांचा काही संबंध नव्हता म्हणे."

"हां," ते म्हणाले. "बरं झालं, सापडलं."

यायला ते तयार झाले, पण पुढे बसा म्हटलं तर मागे बसले. हात गुडघ्यांवर. अंबड ओलांडताना त्यांनी हळूच लेकीला विचारलं, "कुठं आलो आपण?"

दवाखान्यात मामांना आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी तुम्ही बोलला ती माफी नव्हती. तो सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट होता."

तिचं म्हणणं खरं होतं. 'निघाला', 'नव्हता म्हणे' असले शब्द मी मुद्दाम निवडले होते, ज्यात मी कुठेच येत नव्हतो.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. उजव्या डोळ्याचं बरंच टिकेल, म्हणाले, आता खाडा केला नाही तर. डाव्या डोळ्याची या दोन-तीन महिन्यांत गेलेली नजर येणार नाही. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि उलट डॉक्टरांनाच म्हणाले, "वय झालं, साहेब. होतंच." माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. त्या क्षणी मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला निघालो. रस्ताभर मी बोलायचं काय ते जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात स्वतःला थोडी सूट देत होतो: मलाही माहीत नव्हतं, कुणालाही वाटलं असतं. वाडीगोद्रीच्या पुढे मी जुळवणं सोडून दिलं.

हॉटेलापाशी मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. बाकावर तीच मंडळी होती. दोस्ताने मामांच्या डोळ्यावरची पट्टी बघून हाक मारली, "ये रे काण्या, चहा घे!" मामा हसत उतरले. मीही उतरलो आणि बाकासमोर उभा राहिलो. बायको गाडीतच बसून राहिली.

"मामा, मला बोलायचंय. इथंच."

त्यांना लगेच कळलं. "पाव्हणं, चला, घरी बोलू. लोक बघून राह्यलेत."

"बघू द्या. त्या दिवशीही बघतच होते."

दोस्ताने बाकावर सरकून मला जागा केली. मी बसलो नाही.

"मामा, गाडी मी बिघडवली. तुम्ही नाही. मला हौस होती म्हणून मी त्यात सारखं काही ना काही लिहून ठेवत होतो, त्यानं ती झिजली. आणि आळ तुमच्या बोटांवर घेतला, या सगळ्यांसमोर. तुम्ही चुकलं म्हणालात तेही मी ऐकून घेतलं. त्यामुळं तुम्ही गाडीत बसायचं सोडलं, त्यात तुमचा डोळा गेला. तो मला परत आणता येणार नाही. जावई म्हणून नका सोडून देऊ. माझं चुकलं, मामा. मला माफ करा."