हिरोतला भित्रा

"थांबा ना भाऊ जरा," असं म्हणत माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी उजवा तळवा वर करायचे. गरम चहा तोंडाला लावणाऱ्याला, बुलढाण्याच्या भर बाजारात रस्ता ओलांडणाऱ्याला, कुणालाही. आमच्या कचेरीत फायली तळव्याशिवायही थांबत, त्यामुळे त्यांचं वेगळेपण वरिष्ठांच्या लक्षात आलं नसावं. तुमच्याही कचेरीत असा एक जण असेलच. त्याला आपण पाठीमागे घाबरट म्हणतो आणि तोंडावर 'जपून वागणारे'.

चित्रं मात्र ते झकास काढायचे. एकदा वरून आदेश आला की, पुराच्या पाण्यात उतरू नका हे मुलांना सांगणारी पुस्तिका काढा. साहेबांना सुपरहिरोचं कॉमिक सुचलं. साहेबांना सुचलं, म्हणजे काम यांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी काढलेल्या हिरोच्या गळ्यात गाठ मारलेली निळी चादर होती, पायात गमबूट. आणि तो प्रत्येक चौकटीत दोनदा होता. एक छाती काढून पुलावरच्या पाण्यात निघालेला, दुसरा त्याची चादर धरून मागे ओढणारा. पहिला म्हणतो, "चाल बे, काय होते!" दुसरा म्हणतो, "थांब बे. खाली पूल हाये का गेला, दिसून राह्यला का तुले?" पानंच्या पानं भांडण. शेवटी पाणी ओसरतं आणि हिरो पायी पलीकडे जातो. उडत नाहीच.

"याले हिरो म्हणता?" मी म्हणालो. "हा तं आपल्याच खात्यातला दिसते. अन् हे दोघं कोण?"

"दोघं नाही, एकच हाये. तुमच्या आत नसते का भांडण?" ते म्हणाले. मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, "मोठा भाऊ माहा असाच छाती काढून उतरला होता, साखरखेर्ड्याजवळच्या नाल्यात. मी काठावर. थांब म्हणाचं होतं मले. पण तो भित्रा म्हणन, म्हणून गप राह्यलो."

भाऊ परत आला नव्हता, हे विचारावं लागलं नाही. मला फार वाईट वाटलं. टोमणे मारायला माझी जीभ चुरूचुरू चालते, पण तेव्हा मी फक्त चहा सांगितला.

साहेब पुण्याकडचे. पानं चाळून म्हणाले, "हे दुसरं पात्र काढून टाका. हिरोचं मन द्विधा कशाला? मुलांना प्रेरणा मिळायला हवी."

आम्ही सगळे "हो साहेब" ऐकायला तयार होतो. साऱ्या नोकरीत त्यांनी साहेबांना दुसरं उत्तर दिलं नव्हतं. पण तळवा वर गेला.

"थांबा साहेब. त्याले काढलं तं पहिला मरते."

साहेब थांबले नाहीत. थांबले असते तर साहेब कसले! दुसरा चित्रकार आणून गुळगुळीत कागदावर पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर हिरो एकटाच, कमरेवर हात ठेवून पुराच्या पाण्यात उभा. वर ठळक अक्षरं : 'पुराच्या पाण्यात उतरू नका.' प्रकाशनाला टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बसून यांनी पुस्तिका उलटीपालटी करून पाहिली. "गमबूट तरी ठेवले," एवढंच बोलले.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले. तळवा वर करायलाही सवड मिळाली नाही.

मागच्या पावसाळ्यात मी बसने साखरखेर्ड्याला निघालो होतो. वाटेत नाल्याच्या पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. मागून ओरडा सुरू झाला, "घाला ना गाडी, घोटाभर तं पाणी हाये!" ड्रायव्हरने गिअर टाकला. मी अशा वेळी खिडकीतून बाहेर बघत शेलकं काहीतरी पुटपुटणारा माणूस. पण कसा कोण जाणे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो होतो, आणि माझा उजवा तळवा वर होता.

"थांबा ना भाऊ जरा."

"काऊन काका, भेव लागते काय?" मागून कुणीतरी विचारलं. सगळी बस हसली.

"हाव," मी म्हणालो. "लागते."

ड्रायव्हरने पाण्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.