अप्पांच्या कोपराखालची उशी

आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या हृदयात बीदरला स्टेंट बसवला, तेव्हा औरादच्या आमच्या अडत दुकानावर येईल त्याला धाकटा भाऊ मोबाइलवर हृदयाच्या नळीचा आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवायचा. नळी कशी साफ झाली बघा! जणू ती त्यानंच धुतली होती.

अप्पांचं दुखणं मात्र राहिलं. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी डाव्या तळहातावर घेऊन बसले, की छाती जड व्हायची आणि हात खांद्यापासून भरून यायचा. आम्हा लिंगायतांत लिंग ज्याचं त्यानंच धरायचं, तिथं दुसऱ्याचा हात चालत नाही. पूजा अर्धी राहील या धास्तीनं ते कासावीस व्हायचे. मग मी त्यांच्या कोपराखाली उशी सरकवायला लागले.

"अप्पा, फोटोत तर समदं साफ हाय," भाऊ म्हणायचा. "तुमी कामून भ्यायलाव?"

ज्याच्या नुसत्या शब्दावर तुरीचे सौदे झाले, त्या माणसाकडं आता त्याच्याच दुखण्याचा पुरावा मागायचा? माझं डोकं फिरलं. मी त्यांना कलबुर्गीला नेलं आणि भावालाही सोबत ओढलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि कन्नडमध्ये सावकाश समजावलं. मोठ्या नळ्या मोकळ्याच आहेत. पण त्यांच्यापुढं हृदयात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या नीट उघडत नाहीत. फोटोत त्या दिसत नाहीत, त्यांत स्टेंटही बसत नाही. दुखणं खरं आहे. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

भावानं हातातला मोबाइल खिशात टाकला. अप्पांचे डोळे भरून आले. "म्हंजे मी खोटं बोलत न्हवतो," ते म्हणाले. पूर्ण बरं होणार नाही हे ऐकूनही ते सुटल्यासारखे दिसत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

गोळ्यांनी थोडा आराम पडला. उशी रोज लागतच राहिली. कधी कधी भाऊच ती आणून ठेवायचा.

यंदा संक्रांतीनंतर अप्पा गेले. आमच्यात बसवून समाधी देतात. शेतातल्या खड्ड्यात अप्पांना मांडी घालून बसवलं, आमच्या पुरोहितांनी, जंगमांनी इष्टलिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. हात जरासा कलला, आणि मी सवयीनं उशीसाठी मागं हात केला.

भावानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे, अक्का," तो म्हणाला. "आता दुखत न्हाई त्यांना."