डॉक्टरांच्या पोरी

डासांच्या संशोधनासाठी सरकारने मला पगार देऊन ठेवले होते, आणि मी संशोधनाचे सगळे डास मारले. एकूण एक.

खांडबाऱ्याला रेल्वे स्टेशनच्या मागे हिवतापाचे एक छोटे संशोधन केंद्र होते. केंद्र म्हणजे कौलारू छपरी. अर्ध्या भागात सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या, उरलेल्या अर्ध्यात मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे, मध्ये कुडाची भिंत. केंद्राचे प्रमुख डॉ. नथ्थू पाटील. मी त्यांचा मदतनीस. धुळ्याहून रुजू व्हायला आलो, तेव्हा हे गृहस्थ सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारून, उघडा हात पिंजऱ्यात घालून शांत बसले होते. हातावर डासच डास. मी चटकन पुढे होऊन झटकायला गेलो, तर ते म्हणाले, "हात नको लाऊ. मन्ह्या पोरी जेवी ऱ्हायन्यात."

चावते ती मादी, म्हणून त्या पोरी. कळसाडीच्या पाटलांचा हा मुलगा मुंबईला डॉक्टर झाला, साहेबांशी फर्डे इंग्रजी बोलायचा, पण डासांशी आणि माझ्याशी अहिराणीच. माझे नाव त्यांनी पहिल्या दिवशी ऐकून घेतले आणि पुन्हा कधी उच्चारले नाही. मी धुळ्याहून येताना आपली पदवी जरा जास्त वेळा सांगितली असावी. तेव्हापासून मी 'बी.एस्सी.' झालो. "बी.एस्सी., चहा ठेव." "बी.एस्सी., धोतर सुकाडं का?"

डॉक्टरांचा सगळा जीव एका गणितात होता, आणि ते गणित त्यांनी मडक्यांत मांडले होते. एका मडक्याला बुडाशी भोक. वरून दुसऱ्या मडक्यातून त्यात पाण्याची धार. खालच्या मडक्यातले पाणी म्हणजे गावातला ताप, धार म्हणजे डासांमुळे नव्याने पडणारे आजारी, बुडातून गळते ते बरे झालेले. धार गळतीपेक्षा जराशी मोठी असली, की मडके भरत जाते. मग ते मेणाने धार किंचित बारीक करीत. किंचितच. पाणी उतरू लागे आणि बघता बघता मडके जवळजवळ रिकामे होई, वरची धार चालू असतानाच. ते पाहताना त्यांचा चेहरा उजळायचा. "दख, बी.एस्सी. बठ्ठा मच्छर मारानी गरज नही. इतलाच कमी करा का ताप सोताच पळी जास."

स्टेशनवरचे हमाल ही मडकी बघायला येत आणि डॉक्टरांना थोडे वेड लागले आहे असे आपसात ठरवून परत जात. पण खरी मेख धार किती मोठी धरायची यात होती. आजारी माणसाला चावलेला डास लगेच ताप पसरवू शकत नाही. तापाचा जंतू त्याच्या पोटात पिकायला वेळ लागतो, आणि तोवर बहुतेक डास मरून जातात. त्यातले किती जगतात, यावर धार ठरायची. ते शोधण्यासाठीच पिंजऱ्यातल्या पोरी होत्या. ओली फडकी टाकून, साखरपाणी देऊन डॉक्टर त्यांना जपत होते.

पुण्याहून मोठे साहेब तपासणीला यायचे ठरले. त्यांना पटले, तर नाल्याकाठच्या कोकणी आदिवासींच्या पाड्याजवळची डबकी बुजवायला मंजुरी मिळणार होती. त्या पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या बरगडीखाली हात घातला की तापाने सुजलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागायची. नाही पटले, तर केंद्र बंद.

साहेब सकाळच्या गाडीने येणार, आणि आदल्या संध्याकाळी मी आरशात पाहिले. गाल आणि नाक डासांनी फोडून काढलेले. अशा तोंडाने साहेबांसमोर उभे राहायचे? माझी झोपायची खोली म्हणजे पिंजऱ्यांच्या कुडाला लागून छपरीचाच एक कोपरा. आमच्या घरी दिवेलागणीला करतात तसे मी केले. घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर ओला कडुनिंब घातला, दारे-खिडक्या लावल्या आणि धूर मुरेपर्यंत स्टेशनवर भजी खायला गेलो. कुडाच्या भिंतीतून धूर जातो, हे कळायला बी.एस्सी. व्हावे लागत नाही. मी झालो होतो, तरी कळले नाही.

परतलो तेव्हा डॉक्टर पिंजऱ्यापाशी बसले होते. त्या छपरीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. गुणगुण अजिबात नव्हती. पिंजऱ्याच्या तळाला काळा कोंडा पसरल्यासारखे दिसत होते.

ते ओरडले असते तर बरे झाले असते. मग मी आणखी एक शहाणपणा केला. म्हणालो, "आज ना उद्या त्या मरणारच होत्या. उष्म्याने आपोआप गेल्या असं लिहू. आकडा आपल्याला हवा तसा बसतो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "मरेल शेतस त्या," ते म्हणाले. "आते त्यास्ले खोटी साक्ष द्याले लाऊ नको."

सकाळी साहेब आले. रिकामे पिंजरे पाहिले, मडकी पाहिली, धारेचे माप कशावरून धरले असे विचारले. डॉक्टरांनी सांगितले की त्याचा पुरावा काल धुराने मेला. धूर कोणी केला, असा साहेबांचा सवाल आला. मी शेजारीच उभा होतो. डॉक्टर म्हणाले की केंद्र त्यांचे आहे, तेव्हा जबाबदारी त्यांची. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळले. माझ्या चेहऱ्यावर त्या दिवशी एकही नवा फोड नव्हता.

केंद्र बंद झाले. सामान बांधायच्या आधी डॉक्टर मला घेऊन पाड्यावर शेवटचे क्विनाइन वाटायला गेले. वाटेत डबक्याशी थांबून ते पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या बघत राहिले. मी दुसरीकडे बघत होतो. नंतर त्यांची दूर कुठे बदली झाली, माझी धुळ्याला. मी पत्र लिहिणार होतो. पुष्कळ वर्षे लिहिणार होतो.

ते गेल्याचे कळले तेव्हा कळसाडीला गेलो. त्यांच्या पत्नीला मी आधी कधी भेटलो नव्हतो. मोठ्या तोऱ्यात नाव सांगितले, हुद्दा सांगितला, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. शेवटी खांडबाऱ्याला डॉक्टरांच्या हाताखाली होतो म्हणालो, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "बी.एस्सी. म्हंजे तुम्हीच का?"

ओसरीवर बसवून त्यांनी चहा दिला. अखेरच्या आजारातसुद्धा अंगणातल्या रांजणावर मडके ठेवून धार बघत बसायचे, असे सांगत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होतो. दिवस मावळला होता. मनगटावर एक डास येऊन बसला आणि सवयीने माझा दुसरा हात वर गेला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हना वाट्याना मच्छर तुम्ही तवयच मारी टाकात."