हनुवटीखाली मूठ

हाताची मूठ वळायची, हनुवटीखाली टेकवायची आणि ताठ उभं राहायचं. कोपर जिथे येईल, तिथे व्हाइसचा जबडा यायला हवा. त्याहून उंच असला तर खांदे भरून येतात, ठेंगणा असला तर कंबर जाते. हे मला ज्यांनी शिकवलं ते गृहस्थ कुठल्याही टेबलापुढे असेच उभे राहत. बँकेच्या काउंटरपुढे, चहाच्या गाडीपुढे, एकदा तर आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलापुढेसुद्धा. मुख्याध्यापकांना वाटलं, पाहुणे गहन विचारात पडलेत. पाहुणे म्हणाले, "टेबल दोन बोटं उंच झालंय साहेब. तुमचे खांदे दुखत असतील." आणि ते खरोखरच दुखत होते!

त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. शिरपूरकडचा माणूस, नरोलीच्या एका कारखान्यात टूलरूममधला फिटर, आणि लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणत, एवढं पुरे. उंचीने माझ्या खांद्याला लागायचे. मी मात्र आमच्या घराण्यातला माड. रत्नागिरी सोडून सिल्वासात विज्ञान शिकवायला आलो त्याला वीस वर्षं झाली, पण दारातून जाताना अजून वाकावं लागतं.

तर व्हाइस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: टेबलावर पक्का बसवलेला लोखंडी चिमटा. दांडा फिरवला की जबडा मिटतो आणि आत धरलेली वस्तू जागची हलत नाही. मग कापा, घासा, ठोका. मागच्या पडवीत छोटासा कारखाना काढायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं होतं. शाळेसाठी कप्पी, तरफ, झालंच तर पाणचक्की, सगळं घरी बनवायचं! बायको त्याला 'मास्तरांची गिरणी' म्हणायची. गिरणी सुरू व्हायची ती व्हाइसपासून, म्हणून एका रविवारी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि एक निळाभोर, चकचकीत, बघताक्षणी प्रेमात पडावं असा व्हाइस पसंत केला.

शेजारी एक बुटके गृहस्थ लोखंड घासायच्या कानशी पारखत उभे होते. त्यांनी एकदा व्हाइसकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मास्तर ना तुम्ही? हा काय घेऊ राहिले?"

"का? चांगला मजबूत दिसतोय."

"रंगाला नका विचारू सर. लोखंडाला विचारा."

त्यांनी खिशातून छोटा पाना काढला आणि व्हाइसच्या अंगावर हलकेच वाजवला. चिरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. मग नखाने रंग खरवडला. खाली भेगा बुजवायची लांबी भरलेली, लांबीखाली बोटभर चीर. दुकानदार गुजराती, स्वभावाने गरीब. तो कळवळला, "काका, मारा घराक शुं काम बगाडो छो?"

"शेठ, तुमचं गिऱ्हाईक नाही बिघडवत. मास्तरांची बोटं वाचवू राहिलो."

तिथून आमची गाठ पडली. बाहेर चहा घेताना त्यांनी मला पडवी कुठे आहे, उजेड कुठून येतो, जमीन कसली आहे, सगळं विचारलं. नवरी बघायला निघालेला मामाही इतक्या चौकशा करत नाही. मग म्हणाले, "सर, महिनाअखेरीला मी रिटायर होऊ राहिलो. खोलीवर कानस घासली तर वरचा भाडेकरू भांडायला येतो. एक तारखेपासून हे हात कुठं ठेवू, तेच समजत नाही." आणि खरंच त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले. काळे, चिरा पडलेले, आणि कमालीचे स्थिर. "तुमचा व्हाइस मी निवडून देतो. फक्त रविवारी मला येऊ द्या."

मी एका पायावर तयार झालो. त्यांच्या उपकाराखातर नव्हे हो, मला आयता गुरू मिळत होता!

पुढचे तीन रविवार आम्ही सिल्वासा आणि वापीची दुकानं पालथी घातली. माझ्या स्कूटरवर मागे बसून दादा खिशातल्या कागदाच्या पट्ट्या चाचपत. कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान ते फाडत, त्याच्या पट्ट्या करत आणि व्हाइसच्या जबड्यात दोन टोकांना दोन पट्ट्या धरून ओढून बघत. एक घट्ट आणि एक सैल निघाली की व्हाइस नापास. जबडा पूर्ण उघडून तो हलवायचा; डुगडुगला की नापास. पाना वाजवायचा, बद्द बोलला की नापास. मी आयुष्यभर पेपर तपासले, पण इतका कडक परीक्षक पाहिला नाही. तीन रविवारांत सतरा व्हाइस नापास झाले. अठराव्या वेळी मीच म्हणालो, "दादा, ग्रेसचे मार्क द्या की एखाद्याला."

"लोखंडाला ग्रेस दिले तर ते बोटातून वसूल करतं, सर."

शेवटी पहिल्याच दुकानातल्या शेठने हात टेकले. गोदामात खिळ्यांच्या पोत्यांमागे काहीतरी पडून आहे म्हणाला, जुना माल, कुणी विचारत नाही. दोघांनी धरून तो बाहेर आणला. सहा इंची, ग्रीसने माखलेला, रंगाचा पत्ता नाही, वजनाला सिमेंटची अर्धी गोणी. दादांनी पाना वाजवला.

टण्ण!

असा स्वच्छ आवाज की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. दादांनी पुन्हा वाजवला. जबडा उघडला, हलवला, ढिम्म. दोन पट्ट्या धरल्या, एक मला ओढायला दिली, एक स्वतः ओढली. दोन्ही फाटल्या, पण सुटली एकही नाही. "धरलं! धरलं ना, सर!" साठीला टेकलेला माणूस दुकानात टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. शेठने तर सगळ्यांसाठी चहा सांगितला.

आता टेबल. इथे मी एक गंमत करायची ठरवली. व्हाइस माझा असला तरी हात त्यांचे राहणार होते, तेव्हा टेबल गुपचूप त्यांच्या मापाचं करायचं. कारखाना सुटायच्या वेळी मी टेप घेऊन नरोलीच्या गेटवर हजर. "दादा, ती मुठीची रीत पुन्हा एकदा दाखवा बरं." ते शिफ्टमधून सुटलेल्या गर्दीत, मूठ हनुवटीखाली घेऊन, फोटोला उभे राहावेत तसे उभे राहिले. मी टेप लावला. पोरं हसत होती, "दादांना रिटायर व्हायचा कोट शिवताय का?" मी मान डोलावली, माप पाठ केलं आणि सुताराला सांगितलं.

एक तारखेला सकाळीच दादा आले. पडवीच्या दाराशी चपला काढल्या. हत्याराजवळ ते पायात काही घालून जात नसत. कारखान्यात नाइलाज, घरी नाही. व्हाइस टेबलावर चढवून बोल्ट आवळले. मग नेहमीप्रमाणे मूठ हनुवटीखाली घेतली.

कोपर जबड्याच्या खाली राहिलं. चांगलं दोन बोटं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेटवर त्यांच्या पायात कारखान्याचे जाडजूड तळव्यांचे बूट होते! विज्ञानाचा मास्तर बुटांसकट माप घेऊन आला होता.

दादा बुचकळ्यात पडले. "सर, जरा तुम्ही उभे राहा." मी उभा राहिलो. माझं कोपर जबड्याच्या वर, वीतभर हवेत.

"हे टेबल तर कोणाचंच नाही सर! माप कोणाचं घेतलं?"

मला सांगावंच लागलं. ते ऐकून दादा टेबलाकडे वळले. आवळलेलाच बोल्ट पुन्हा आवळायला लागले. बराच वेळ आवळत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "पस्तीस वर्षं काम केलं. दुसऱ्याच्या मापाच्या टेबलावर."

माझी बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि जेवायचा शिसवी पाट घेऊन आली. तिने तो व्हाइससमोर ठेवला.

"पाटावर पाय कसा देऊ, वहिनी? पाट जेवायचा असतो."

"पाहुण्याला पाट मांडायची आमच्याकडे रीत आहे, दादा. बसायचं की उभं राहायचं ते पाहुण्याने ठरवावं."

दादांनी पाटाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि वर चढले. मूठ हनुवटीखाली. कोपर बरोब्बर जबड्यावर! खिशातून कॅलेंडरची पट्टी निघाली; त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्याची होती ती. नव्या जागी व्हाइसने पहिला घास घेतला तो तिचा.

पुढे आठ महिने आमची गिरणी अशी चालली म्हणता! कप्प्या झाल्या, पाणचक्की झाली, शेजाऱ्यांच्या कड्या-कोयंडे झाले. रविवार कधी येतो याची मी पोरासारखी वाट बघायचो. मग त्यांच्या मुलाने शिरपूरला घर बांधलं आणि आईवडिलांना न्यायला टेम्पो घेऊन आला. मी म्हणालो, "दादा, व्हाइस घेऊन जा. तो तुमचाच आहे." मनापासून म्हणालो.

"बसलेला व्हाइस उखडायचा नसतो, सर. टेबल तेवढं तुमच्या मापाचं करून घ्या. कंबर जाईल."

सुतार दोनदा येऊन गेला. वीतभर उंचवायला अर्धा दिवस लागेल म्हणतो. दोन्ही वेळा मी त्याला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगितलं.

कंबर दुखते, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी बायको टेबलाखालचा पाट काढते, पुसते आणि व्हाइससमोर मांडते. मी पाटाच्या शेजारी उभा राहतो आणि वाकून कानस चालवतो.